खारीचं बीळ

मुलांनो, असं समजा, की तुम्ही वायोमिंगमधल्या एका कुरणात उभे आहात. गवत नुकतंच कापलंय. वारा बोचरा आहे. हिवाळा फार लांब नाही. पाय जपून टाका. जागोजागी खारींची बिळं आहेत; इथल्या या खारी झाडावर नाही, जमिनीखाली राहतात.

सकाळपासून एल्डन आजोबा फावड्यानं ती बुजवत होते आणि त्यांची नात ओपल बुटांनी माती दाबत होती. उद्या पेनी घोडी इथे चरायला यायची होती. बिळात पाय अडकला, की घोडीचा पाय मोडतोच.

"एक बुजवावं तर पुढे आणखी दोन!" आजोबा वैतागले. "आणि या खारबाई आत ढाराढूर झोपलेल्या."

"गुदमरतील ना त्या?"

"छे गं! चिवट जात. वसंतात उकरून येतात वर, आपल्या नाकावर टिच्चून."

ओपलचं लक्ष तळ्याकाठच्या लाकडी पेटीकडे होतं. उन्हाळ्यात तिच्या शाळेनं या तळ्यात खरखरीत पाठीचे छोटे बेडूक सोडले होते. अख्ख्या जगात ते याच भागात उरलेत. त्यांच्या हिवाळ्यासाठी तिनं स्वतः पेटी ठोकली होती. आत पेंढा, वर छप्पर.

"एकाला महाल, दुसरीला फावडं," आजोबा हसले.

"खारी ढिगानं आहेत, आजोबा. हे मोजकेच."

तेवढ्यात तळ्याकडून एक बेडूक आला. ओपलनं श्वास रोखला. तो पेटीच्या दाराशी थांबला. मग पेटीला वळसा घालून, आजोबांच्या बुटाजवळच्या उघड्या बिळात शिरला.

फावडं हवेतच राहिलं.

"खारीच्या घरात?" ओपल कुजबुजली.

"खोल असतं ते. तिथवर थंडी पोचत नाही. त्याला कुठं येतंय एवढं खणायला!"

"मग वरून माती पडली, तर तो येईल उकरून वर?"

फावडं खांद्यावर टाकून आजोबा कुंपणापाशी गेले आणि त्यांनी फाटकाला साखळी घातली. पेनी पलीकडेच राहिली.

ओपल मागं वळली. सकाळपासून दाबून सपाट केलेल्या मातीचे ठिपके पार टेकडीपर्यंत गेले होते. सगळ्यांत जवळच्या ठिपक्यापाशी ती गुडघ्यांवर बसली. तिनं हातमोजे काढले आणि बोटांनी माती उकरायला सुरुवात केली.