विकलेलं विमान

जेवता जेवता मुकुंदरावांचा डावा खांदा गारठला आणि घास हातातच राहिला.

"पुन्हा?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"पंखावर बर्फ धरतोय. बेलसरे फार उंच गेलाय."

छोटं विमान घेणाऱ्याला त्याची यंत्रणा स्वतःच्या मज्जातंतूंना जोडून घ्यावी लागे. मग पंख म्हणजे आपलेच हात व्हायचे. मुकुंदरावांनी हौसेनं जोडून घेतलं होतं. हँगरचं भाडं, विमा, तपासण्या त्यांनी निभावल्या, पण इंजिनाच्या दुरुस्तीनं कंबर मोडली, तेव्हा विमान तरुण बेलसरेला विकलं. डॉक्टरांनी जोडणी तोडली. तरी विमान उडालं की त्यांना कळायचं.

त्यांनी घाईनं फोन लावला. "बेलसरे, आधी खाली उतर! डाव्या पंखावर बर्फ आहे."

"मी दुकानात आहे, काका," बेलसरे चाचरत म्हणाला. "मलाही तो खर्च झेपेना. गेल्या दिवाळीतच विमान मोडीत काढलं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

मुकुंदरावांनी फोन ठेवला. गारठा आता कोपरापर्यंत उतरला होता. मग विमान सावकाश वळल्याचं त्यांना जाणवलं.

"कुठे निघालंय?" सुनीतीबाईंनी हळूच विचारलं.

"इकडेच," ते म्हणाले.