दुखत नव्हतं तेव्हा

सुकरीने गाठोडं थेट टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांसमोरच सोडलं. दोन लुगडी, चादर, जर्मनची ताटली, गिलास.

“राहाची तयारी करूनच आली मी. मशीनवर कधी चढवता, सांगा.”

डॉ. नंदिनीने हातातला कागद खाली ठेवला. “कोणती मशीन?”

“रक्त साफ करते ते. माह्या दिराले, लालसूले, इथूनच असा फोन आला होता. गडचिरोलीले नेला. आठ महिन्यांत आटोपला.”

मागे उभ्या असलेल्या दीपिकाने, तिच्या सुनेने, डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टर उठून सुकरीशेजारी बाकावर येऊन बसल्या. “लालसूभाऊ आले तेव्हा त्यांचं तोंड, पाय, सगळं सुजलेलं होतं. तुम्हाला काय होतंय?”

“काई नाई. शुगर हाये, तिची गोळी चालू हाये. गुडघे दुखते, बस. मंग काऊन बोलावून राह्यले घडीघडी? शिबिरात रक्त नेलं, मंग दोनदा लघवी नेली. दुखत नाई त्याले कोन तपासते, बाई?”

आवाज रागाचा होता. पण पहिल्या फोनपासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“दुखत नाही, म्हणूनच.” डॉक्टरांनी कागदावरच्या दोन आकड्यांभोवती पेनाने गोल केले. “रक्तात पांढऱ्या पेशी असतात. तुमच्या एका जातीच्या वाढल्या, दुसऱ्या जातीच्या घटल्या. म्हणजे अंगात कुठेतरी आतून सूज धरली असावी. कुठे, ते हे आकडे सांगत नाहीत. साध्या तापातही असं होतं. पण शुगरवाल्या माणसाचे आकडे असे दिसले, तर त्याची किडनी आधी पाहावी का, ते आम्ही ताडून बघतोय. म्हणून लघवी तपासली. दोन्ही वेळा प्रोटीन गेलेलं दिसलं. थोडंसंच.”

“म्हंजे बिघडली.”

“बिघडायला लागलीय. काम अजून नीट करतेय. किडनीसाठी ही नवी गोळी रोज घ्यायची. मीठ कमी, शुगर ताब्यात. आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणता त्या गोळ्या आजपासून बंद. किडनीला त्याही खातात. तीन महिन्यांनी परत या.”

“आन् मशीन?”

“नाही. एवढं सांभाळलंत, तर कदाचित कधीच नाही.”

सुकरीने कागद उचलला. तिला वाचता येत नव्हतं. त्या दोन गोलांवरून तिने बोट फिरवलं.

“लालसूचंबी असं आधी दिसलं असतं?”

“बहुतेक,” डॉक्टर म्हणाल्या. “आम्ही पाहिलंच नव्हतं.”

सुकरीने गाठोड्याला गाठ मारली.

“त्याच्या पोराले शुगर हाये. दवाखान्याचं नाव काढलं का जंगलात पळते. सोमवारी आनतो त्याले. त्याचं रक्त घ्या.”

बाहेर पायरीवर ती थांबली.

“दीपिका, सकाळी निघताना मोहाची चार झाडं दाखवली ना तुले? आतापासून हे झाडं तुही, असं म्हनलं?”

“हाव, आत्या.”

“त्यातली मोठी दोन वापस दे. यंदा त्याखालचा मोह मीच येचीन.”