बारा मिनिटं

"बाबा, तू पुन्हा मध्येच बोललास!" लेकीने पेन टेबलावर आपटलं. "पेशंटने तोंड उघडायचा अवकाश, तुझं निदान तयार."

डॉक्टर ओशाळले. परीक्षा उद्यावर आली होती. मायदेशी वीस वर्षं त्यांनी दिवसाला शंभर-शंभर पेशंट हातावेगळे केले होते. इथे मात्र परवाना मिळेपर्यंत ते इस्पितळात स्ट्रेचर ढकलत होते. परीक्षेला नट पेशंट बनून येत, प्रत्येकाला बारा मिनिटं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी सगळेच्या सगळे आजार अचूक ओळखले आणि तरी नापास झाले. शेरा एका ओळीचा होता : 'रुग्णाचं ऐकून घेत नाहीत.'

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी रोज दवाखाना भरायचा. लेक सातवीतली, पेशंटही तीच आणि परीक्षकही तीच.

"मी आता पेशंट होणार नाही," ती म्हणाली. "या आठवड्यात माझं अपेंडिक्स चार वेळा काढून झालंय."

"मी होते की," खिडकीशी वाटाणे सोलत बसलेली आजी म्हणाली.

"आजी, तुला इथली भाषा कुठे येते?"

"मग आपल्या भाषेत करू. बोलायला येतंच त्याला. ऐकायचंच शिकायचंय ना?"

लेकीने आजारांच्या चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. आजीने तो बाजूला सारला. "उसना कशाला? माझ्याकडे घरचा आहे." आणि हात पुसून ती खुर्चीत ऐटीत बसली. लेकीने मोबाइलवर बारा मिनिटांचा गजर लावला.

"नमस्कार. काय त्रास होतोय तुम्हाला?"

"अगोबाई, मला तुम्ही म्हणतोय!" आजी खूश. "सकाळी उठलं की गरगरतं हो, डॉक्टर."

"रात्री झोप नीट झाली नसेल, म्हणून..."

लेकीने पेन उचललं. डॉक्टरांनी ओठ मिटले.

मग आजी जी सुटली! चार जिने. लिफ्ट बंद. खालच्या मजल्यावरची म्हातारी. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नाही, तरी रोज अर्धा तास गप्पा होतात, आणि त्या बाईचा जावई किती कुचका आहे ते आजीला इत्थंभूत ठाऊक. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दोनदा प्रश्न जिभेवर आला, दोनदा त्यांनी तो गिळला.

"मागच्या मंगळवारी तर जिन्यात तोलच गेला," आजी म्हणाली. "तिने दंड धरला म्हणून बरं. नाहीतर पार खालपर्यंत गडगडले असते."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "गरगरतंय कधीपासून?"

"झाला असेल महिना. इथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली ना, तेव्हापासून."

"आणि मी तिकडून आणलेली?"

"तीही घेते की. तू दिलेली, टाकू कशी?"

डॉक्टर ताडकन उठले. कपाटातून त्यांनी दोन खोकी काढली, एक निळं, एक पांढरं. वर नावं वेगळी. खाली बारीक अक्षरांत औषध एकच. रक्तदाबाची तीच गोळी महिनाभर दुप्पट चालली होती. त्यांनी यंत्र आणलं, आईला बसवून मोजलं, उभं करून मोजलं. उभी राहताच आकडा सरकन खाली आला.

"आई, महिनाभर गरगरतंय, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगू कधी? घरी येतोस, जेवतोस, पुस्तकात डोकं घालतोस. आणि सांगायला लागलंच, तर दोन शब्दांत मला बरी करून टाकतोस."

लेक फिस्सकन हसली. डॉक्टरही हसले. नाडी मोजून झाली तरी त्यांनी आईचं मनगट सोडलं नाही.

"माझी गोळी आजपासून बंद," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंना मी सकाळीच फोन करतो. आणखी काही?"

"आहे तर! आता गुडघ्याचं ऐका."

मोबाइल केव्हाचा वाजायला लागला होता. लेकीने तो गुपचूप बंद केला.

तेवढ्यात दार उघडलं. बेकरीतली पाळी संपवून डॉक्टरांची बायको आली होती. "काय, झाली का तयारी?"

"हळू," आजीने हात वर केला. "डॉक्टर पेशंट बघतायत. बाहेर बस."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून, चकार शब्द न काढता ऐकत होता. ती बूट काढून दाराशी स्टुलावर टेकली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"माझा नंबर कितवा?" तिने विचारलं.