पूर्वपक्ष

"तुम्ही बौद्ध म्हणता, जगात काहीच नाही," आगाशेबाई म्हणाल्या. समोर बसलेल्या सोनकांबळे सरांनी मान हलवली. चूक.

वादसभेचा नियम कडक होता. प्रतिपक्षाचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, त्याला मान्य होईल असं आधी मांडायचं, मगच खोडायचं. दरवर्षी सर मध्येच गरजायचे, "चूक! हं, बोला बाई!" आणि बाई चिडून थेट वेदान्ताची बाजू लढवायला घ्यायच्या. यंदा कर्करोगानं सरांचा आवाज नेला होता. चिडायला समोर कुणी नव्हतं, नुसती मान होती.

"सगळं क्षणिक आहे, एवढंच तुमचं म्हणणं." पुन्हा चूक. मागून कुणीतरी हसलं.

बाईंनी डोळे मिटले. "आम्ही म्हणतो, लाट विरली तरी समुद्र उरतो, आणि तो समुद्र म्हणजेच मी. तुम्ही म्हणता, तो समुद्रही धरून बसू नका. धरणारा शिल्लक आहे तोवर सुटका नाही."

सरांची मान सावकाश होकारार्थी हलली.

"आता खंडन करा," अध्यक्ष म्हणाले. बाईंच्या आत्ता लक्षात आलं. इतकी वर्षं त्या जे हिरिरीनं खोडत आल्या, ते या माणसानं कधी म्हटलंच नव्हतं.

"माझ्याकडे उत्तर नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "सर जिंकले."

टाळ्या सुरू झाल्या. सरांनी हात उंचावून त्या थांबवल्या आणि जोरात मान हलवली. चूक! मग माइक बाईंकडे सरकवला. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, तरी बाईंना स्पष्ट कळलं.

"हं, बोला बाई!"