कुडाची भिंत

कौतिकाबाईची सून रुखमा बाळंत झाली, त्याच साली उपग्रहाने गावातली सुकी काडी न् काडी मोजून वीजकेंद्राच्या नावावर केली.

पौषाच्या थंडीत केंद्राचा साहेब माणसं घेऊन दारात आला. "आजी, कोळशात मिसळायला काडी कमी पडते. तुमच्या कुडात तीन क्विंटल तुराट्या आहेत."

"अरे बाप्पा, आत बाळंतीण हाये! हे भिंत हाये, सरपण नाही. तुमच्या घराच्या भिंती काऊन नाही नेत?"

"आमच्या सिमेंटच्या आहेत, आजी. त्या जळत नाहीत."

त्यांनी शेणामातीचा लेप सोलून सगळा कूड उपटून नेला. बदल्यात दिलेली विजेची शेगडी उघड्या घरात नुसता वारा तापवत राहिली.

रुखमाची अकरा दिवसांची लेक पौष वद्य चतुर्थीला सकाळी वारली.