भिंतीआधीचा बोअर

समुद्र गावात शिरू नये म्हणून किनाऱ्यावर भिंत व्हायची होती. खालची माती तपासायला रामप्रसादची बोअरची गाडी पार जालन्याकडून आली होती. आठ फुटांवरच पाणी लागलं. मातीचे नमुने भरून झाल्यावर इंजिनिअर म्हणाला, "आता सिमेंट ओतून भोक बुजवा."

रामप्रसादचा मेहुणा बंकट सिमेंटचं घमेलं धरून तसाच उभा राहिला. त्याच्या शेतात रामप्रसादनंच घेतलेले चार बोअर सहाशे-सहाशे फूट कोरडे गेले होते.

"दाजी, पाणी लागलेला बोअर कुणी बुजवतं का?"

"समुद्राचं पाणी असंल ते."

"चाखून तर बघा."

दोरीला बाटली बांधून रामप्रसादनं पाणी वर काढलं, घोट घेतला. इतकं गोड पाणी त्यानं गावाकडंही कधी काढलं नव्हतं.

"खारट हाय," तो म्हणाला. "ओत."