भाजीची पाटी

"दोरी सैल सोडा, ताई!" चिंचेखालून भाजीवाल्या गोदाबाई ओरडल्या. त्यांच्या हातावर अजून पट्टी होती. "माणूस दिसलं की तुम्ही दोरी आवळता. त्याला वाटतं, समोर वैरीच आलाय."

नलूताई ओशाळल्या. त्यांच्या कुत्र्यानं, बंड्यानं चावा घेतला होता तो गोदाबाईंनाच. सोसायटीनं बजावलं होतं, महिन्याभरात कुत्र्याला वळण लावा, नाहीतर बाहेर काढा. म्हणून तर आज त्या जीव मुठीत धरून त्याला फिरवायला निघाल्या होत्या.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळची फेरी एकदाही चुकली नाही. दूधवाल्याची सायकल जायची, शाळेची पोरं जायची. नलूताई श्वास रोखायच्या, पण बोटं सैल ठेवायच्या. हळूहळू बंड्याचं अंगावर धावणं थांबलं, मग गुरगुरणंही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी फाटक उघडलं, तर बंड्या थेट गोदाबाईंकडे गेला. त्यांचा हात हुंगून पाटीशेजारी ऐसपैस पसरला. नलूताईंचं तेव्हा कुठे लक्ष गेलं.

"तुम्ही इथं फाटकाशी कशा? तुमची जागा तर पार तिकडे, चिंचेखाली!"

"रोज हातभर पुढं सरकत हुते," गोदाबाई मेथीची जुडी बांधत म्हणाल्या. "मलाबी भ्या वाटायचं. पण मुकं जनावर, त्याला कुठं धाडणार?"

नलूताईंनी हात जोडले, दोन्ही हात. दोरी केव्हाच जमिनीवर पडली होती, आणि बंड्या जागचा हललाही नाही.